जेलाला भिणारे महाराज

तुळशीच्या लग्नाला दोनशे पानांची बुंदी पाडणारी बाई उभ्या वऱ्हाडात एकच होऊन गेली, आणि ती मी. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात महिला मंडळाची अध्यक्ष होते, मुलींनी शिकलं पाहिजे यावर न अडखळता वीस मिनिटं बोलू शकत होते, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. त्या हुशारीच्या भरात मी एका माणसाला जेलात पाठवता पाठवता राहिले. तोही कोण, तर जेलाला सगळ्यात जास्त भिणारा. अकोला-अमरावतीतच काय, अख्ख्या पृथ्वीवर जेलाला इतका भिणारा माणूस दुसरा झाला नसेल. ते आमचे महाराज.

महाराज म्हणजे लग्न लावणारे महाराज. आमच्याकडे भटजींना महाराजच म्हणतात. राहायचे मूर्तिजापूरला, म्हणजे अकोला जिल्ह्यात, आणि त्यांची अर्धी लग्नं असायची आमच्या अमरावती जिल्ह्यात. त्यामुळे दोन जिल्ह्यांच्या पोलिसांची भीती ते एकटेच वागवायचे. अंगाने काडी. पांढरं धोतर, त्यावर वाण्याच्या दुकानातल्यासारखा खिशांचा कोट, खांद्याला पोथ्यांची थैली. एवढ्याशा पिंजऱ्यातून आवाज मात्र असा निघायचा, की त्यांनी मांडवात मंगलाष्टक सुरू केलं की बसथांब्यावरच्या माणसांनाही नवरी कोणाची ते कळायचं. लाऊडस्पीकरवाला त्यांच्या लग्नात माइक बंद करून चहा प्यायला जायचा. लोक लग्नाची तारीख धरताना आधी महाराज रिकामे आहेत का ते पाहायचे आणि मग पंचांग उघडायचे.

त्यांची एक खोड होती. मंगलाष्टकाचा पहिला शब्द तोंडातून निघाला की डोळे मिटायचे, ते ‘सावधान’ म्हणून झाल्यावर, अक्षदा पडून, वाजंत्री वाजायला लागल्यावरच उघडायचे. मधल्या वेळात जगाचं काही का होईना. एका लग्नात गाय येऊन त्यांच्या समोरच्या ताटातले तांदूळ आणि सुपारी दोन्ही खाऊन गेली. मोर्शीकडच्या एका लग्नात चैत्राची वावटळ आली आणि मांडवाचं कापड उडून शेजारच्या संत्र्याच्या बागेत जाऊन पडलं. माणसं सैरावैरा धावत होती, नवरदेवाचा फेटा कुठल्या कुठे गेला, आणि महाराज आपले तिसऱ्या मंगलाष्टकात. शेवटी डोळे उघडून वर पाहिलं तर सगळं आभाळ. शांतपणे म्हणाले, “मांडव काहाडला बी का? एवढी काय घाई होती जी?” ही डोळे मिटायची खोड तेवढी लक्षात ठेवा. माझी सगळी हुशारी त्या एका खोडीवर उभी होती.

आता जेलाची गोष्ट. बालविवाहाचा नवा कायदा आला तेव्हा अमरावतीच्या कोणा वकिलाने एका लग्नात महाराजांना सहज, थट्टेत सांगितलं, की अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लागलं तर नुसत्या आईबापाला नाही, लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होतो. वकील सांगून मोकळा झाला, मठ्ठा पिऊन घरी गेला. महाराज त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कायद्याचं पान कुठूनसं मिळवलं, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलं आणि थैलीत पंचांगाच्याही वर ठेवलं. तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच्या झेरॉक्स काढून दोन्ही जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्या महाराजांना वाटल्या. एरवी ही मंडळी एकमेकांचे यजमान पळवायला टपलेली. पण त्या पानाने सगळे एका रात्रीत एकदिलाचे झाले.

तेव्हापासून महाराजांकडे लग्नाची तारीख मागायला गेलं, की पत्रिकेच्या आधी शाळेचा दाखला मागायचे. कोटाच्या खिशात एक भिंग असायचं. दाखला उजेडाकडे धरून, भिंगातून, हेडमास्तरच्या सहीपासून शिक्क्याच्या कडेपर्यंत तपासायचे. नवरदेवाने मिशीला पीळ देऊन दाखवला तर म्हणायचे, “मिशी हा पुरावा नोहे. मले एकवीस पायजे, केस नाही.” अकोल्याला एका डॉक्टरीणबाईचं लग्न होतं. वय बत्तीस, स्वतःचा दवाखाना, डोक्यात दोन-चार पांढरे केस. महाराज मांडवात आले आणि दाखला मागितला. नवरी शालूत उभी, बँडवाले घामाघूम, आणि ती बिचारी कपाळाला हात लावून म्हणते, “महाराज, अहो मीच लोकांच्या लेकरांचे जन्माचे कागद सही करून देते.” महाराज म्हणाले, “लोकाइचे देता, मान्य. तुमचा कुठी हाय?” तिचा भाऊ स्कूटरवर घरी गेला, कपाट उपसलं, दहावीचं सर्टिफिकेट घेऊन आला, तेव्हा कुठे अंतरपाट धरला गेला. प्रत्येक दाखल्याची एक प्रत ते ठेवून घ्यायचे. मूर्तिजापूरच्या घरी पत्र्याच्या दोन पेट्या नुसत्या त्याच. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, “घरात गहू ठेवाले जागा नाही वो बाई, अन् ह्यायनं दुनियेच्या सुनाईचे दाखले जमा करून ठेवले.”

आणि एवढं करूनही भरवसा नव्हताच. जेलात जायची त्यांची तयारी पूर्ण होती. दारामागच्या खुंटीला एक वेगळी थैली कायम टांगलेली: दोन धोतरं, जानव्यांचा जोड, तांब्या, आणि आवाजासाठी सुंठ-खडीसाखरेची पुडी. “जेलात सुंठ भेटत नाही,” असं ते अनुभवी माणसासारखं सांगायचे. सक्तमजुरी म्हणजे नेमकं काय करावं लागतं हे विचारायला ते जेलातून रिटायर झालेल्या एका शिपायाकडे मुद्दाम गेले. त्याने सांगितलं, कुणाला बागेत लावतात, कुणाला सतरंज्या विणायला. महाराजांनी बागेचा नाद सोडला, पाठ दुखते म्हणून. आणि एका विणकराकडे महिनाभर बसून विणायला शिकून आले. ऐनवेळी फजिती नको! आमच्याकडे पूजेला यायचे ते स्वतः विणलेलं आसन घेऊन. एका बाजूला दोन विती रुंद, दुसऱ्या बाजूला अडीच. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. तुळशीच्या लग्नालासुद्धा, “रोप कवा लावलं होतं?” असं विचारल्याशिवाय ते आसनावर बसत नसत.

कळस म्हणजे त्यांनी स्वतः एक मंगलाष्टक रचलं. प्रत्येक लग्नात सगळ्यात शेवटी, ‘सावधान’च्या अगदी आधी, ते म्हणायचेच:

“अठ्ठाराहुन ही उणी नवरि जो नेई विवाहाप्रती,
त्या भट्टास मिळे तुरुंग बरवा, वर्षे पुरी दोन ती,
लाखाचा वर दंड तो, मग कसे कुर्यात् सदा मंगलम्!”

चौथी ओळ त्यांना कधी सुचली नाही. तीन ओळींवरच भागवायचे. पण चाल इतकी गोड लावायचे, की म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या आणि नवरीची आई कौतुकाने मान डोलवायची. त्यात तुरुंग आहे हे निम्म्या लोकांना कळायचंच नाही.

अशा माणसाला फसवायचं मी ठरवलं.

झालं असं, की माझ्या भावाची मुलगी प्रणिता माझ्याकडेच वाढली. तिची आई ती लहान असतानाच गेली, भाऊ पडला शेतीतला माणूस, तेव्हा तिची वेणी-फणी, शाळा, दुखणी-खुपणी सगळं माझ्याकडे. ती बारावीत होती. अभ्यासात बरी, बोलायला मितभाषी. तर त्या वर्षी वरूडकडचं एक स्थळ चालून आलं. संत्र्याची बाग, दोन ट्रॅक्टर, मुलगा एकुलता एक आणि दिसायला गोमटा. त्यांची एकच अडचण: मुलाची आजी वारली होती, आणि घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी त्यांच्याकडे रीत. वर्ष संपत होतं मार्गशीर्षात. प्रणिताला अठरा पुरी होत होती वैशाखात.

मी हिशेब केला. सहा महिन्यांनी तर अडलंय! सहा महिन्यांत संत्र्याचा एक बहारही धड हाती येत नाही, तेवढ्यासाठी असं स्थळ सोडायचं? मुलाची आई स्पष्ट म्हणाली होती, की आमच्याकडे सून परीक्षा-बिरीक्षा द्यायला बाहेर पडत नाही. ते मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. प्रणिताला विचारलं, “काय वो, पसंत हाय ना?” ती खाली मान घालून पुस्तकाचं पान उलटत राहिली. मी लगेच भावाला सांगितलं, पोरगी लाजली. बघा, वीस मिनिटं भाषण करणारी बाई! मुलींनी बोललं पाहिजे असं गावाला सांगत होते, आणि घरातली मुलगी बोलत नाही हे मला सोयीचं वाटत होतं.

महाराजांकडे गोष्ट काढून पाहिली. त्यांनी प्लॅस्टिकचं पान काढून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “बाई, लावनाराच नाही, लावाले सांगनाराबी यात हाय. तुमी अन् मी संगच जाऊ. तुमचं बायकाइच्या बाजूले, माहं मानसाइच्या.” दुसऱ्या महाराजांकडे जावं तर सगळ्यांकडे ती झेरॉक्स. आणि वरूडवाल्यांचा हट्ट, लग्न लावतील तर हेच महाराज. कारण त्यांच्या हातचं लग्न मोडत नाही अशी त्यांची ख्याती.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आजही सांगताना मला आधी हसू येतं आणि मग लाज वाटते, हा क्रम बरोबर नाही हे मला कळतं. कार्तिकात महाराज आमच्याकडे तुळशीचं लग्न लावायला यायचेच. अंगणात तुळशीवृंदावन, त्यावर उसाचा मांडव, समोर पाटावर बाळकृष्ण आणि मध्ये अंतरपाट. महाराज मंगलाष्टक सुरू करणार, म्हणजे डोळे मिटणार. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून प्रणिताला आणायचं, गोठ्याच्या बाजूने मुंडावळ्या बांधलेल्या मुलाला आणायचं, आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी आणि माझ्या भावाने, गुपचूप चार पावलं डावीकडे सरकायचं. महाराज तुळशीचं म्हणून ‘सावधान’ म्हणतील, अक्षदा पोरा-पोरीवर पडतील, संपलं. अक्षदा पडल्या म्हणजे लग्न लागलं, एवढाच माझा कायद्याचा अभ्यास. आमचे हे म्हणाले, “अवं, महाराजाले कळलं तं?” मी म्हटलं, “डोये उघडीन तवा ना!”

त्या संध्याकाळी वरूडकडची मंडळी दोन जिपा आणि एक ट्रॅक्टर भरून तुळशीच्या लग्नाला आली. गावाचीही शे-सव्वाशे माणसं. मागच्या अंगणात आचारी बुंदी पाडत होता. मुहूर्त गोरज, दिवे लागायच्या आतला. वरूडवाले मुहूर्ताचे इतके पक्के, की संत्र्याची तोडसुद्धा पंचांग पाहून करायचे. मुलाचे वडील दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ पाहत होते. महाराज आले. प्रणिताने रीतीप्रमाणे त्यांच्या पायांवर पाणी घातलं, रुमाल दिला. मी दुरून पाहत होते. महाराजांनी तिला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, आणि ते पाय पुसत अंगणात आले. इतकी माणसं पाहून म्हणाले, “तुळशीचा गोतावळा लय वाढला वो बाई.” मी म्हटलं, “देवाचं काम, महाराज.” त्यांनी वाकडं आसन अंथरलं, पूजा केली, अंतरपाट धरला गेला, आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या मंगलाष्टकात सगळं माझ्या मनासारखं झालं. प्रणिता आली, मुलगा आला, अंतरपाट सरकला. दोनशे मुठी अक्षदांनी भरल्या. तिसरं, चौथं, सहावं. आठवं झालं तेव्हा मी हात वर उचलला. महाराजांनी एक लांब श्वास घेतला आणि नववं सुरू केलं.

नववं, दहावं, अकरावं. गणपती झाला, कुलदैवतं झाली, सात ऋषी झाले. नद्या सुरू झाल्या. गंगा, यमुना, गोदावरी संपल्या, मग पूर्णा आली, वर्धा आली, पेढी आली, आणि शेवटी आमच्या गावामागचा, होळीलाच कोरडा पडणारा नालाही मंगल करायला आला. दर वेळी ‘सदा मंगलम्’ आलं की दोनशे हात वर व्हायचे, महाराज श्वास घ्यायचे, आणि दोनशे हात खाली. मुठीतल्या घामाने अक्षदांचा भात व्हायची वेळ आली. आमच्या ह्यांचे हात लटपटायला लागले, अंतरपाट छातीवरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यावर आला. नवरा-नवरी एकमेकांना स्वच्छ दिसायला लागले, आणि नवरदेवाने तेवढ्यात दोनदा जांभई दिली. लहान पोरांनी अक्षदा टाकून दिल्या, त्यांना रट्टे बसले. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “लागलं का वो?” दुसरी म्हणाली, “सावधान म्हनल्याबिगर कसं लागन?” मी खाकरले. मी घरात जाऊन पितळेची परात हातातून सोडली. परात चांगली मिनिटभर गरगरत राहिली. महाराजांची पापणी हलली नाही. आणि चालू मंगलाष्टकात माणसाला हात लावून थांबवायचं, हे आमच्याकडे कोणाच्या बापाला जमलेलं नाही.

अंधारून आलं. देवळात दिवा लागला. महाराजांचा आवाज चिरकायला लागला होता, एखाद्या ओळीत तर नुसते ओठ हलायचे. मग अचानक त्यांनी ते स्वतःचं सुरू केलं, अठ्ठाराहुन ही उणी. त्या दिवशी ते गोड लागलं नाही. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात एकेक शब्द सुटा सुटा ऐकू आला: तुरुंग, दोन वर्षं, लाखाचा दंड. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हात वर करून म्हणाले, “थांबा. मुहूर्त टयला.” त्यांनी मुलाच्या दंडाला धरलं आणि त्याला बाजूला घेतलं. बायांनी प्रणिताला घरात नेलं. अंतरपाट होता तिथे परत गेला, आणि तेवढ्यात महाराज म्हणाले, “शुभमंगल सावधान.” ज्यांच्याकडे अक्षदा उरल्या होत्या, त्यांनी त्या तुळशीवर टाकल्या.

महाराजांनी डोळे उघडले. मागे दोनशे पत्रावळी मांडलेल्या पाहिल्या आणि बसक्या आवाजात म्हणाले, “तुळशीच्या लग्नाले बुंदी! बाई, तुमचं देवाधर्माचं मन लय मोठं हाय.” आणि पंगतीला बसून दोनदा बुंदी घेतली.

मी इतकी चिडले होते, की त्यांना तिसऱ्यांदा आग्रहही केला नाही. वरूडवाले जेवून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना मार्गशीर्षाच्या आत दुसरी मुलगी मिळाली, चांगली एकवीस-बावीस वर्षांची. आम्ही आठ दिवस बुंदी खाल्ली. मला वाटत होतं, महाराज नेहमीसारखे आपल्या तंद्रीत वाहत गेले आणि माझ्या पुतळीसारख्या भाचीचं नशीब वाहून नेलं. लोकांना मी सांगायचे, “त्या मानसाले कुठी थांबावं हे कळत नाही.” सहा वर्षं पूजेला दुसऱ्या महाराजांना बोलावलं. त्यांना मंगलाष्टकं पाचच यायची.

प्रणिताने फेब्रुवारीत परीक्षा दिली. मग अमरावतीला कॉलेज, मग आणखी परीक्षा, आणि एक दिवस ती ग्रामसेविका होऊन पेढे घेऊन आली. तेव्हा मला कळलं, की गावात बालविवाह थांबवायचं काम ग्रामसेवकाकडेच असतं. म्हणजे ते प्लॅस्टिकमधलं पान आता तिच्या टेबलावर!

तिचं लग्न तिने स्वतः ठरवलं, चोविसाव्या वर्षी, तिच्याच ऑफिसातल्या एका शहाण्या मुलाशी. म्हणाली, “आत्या, लगन आपल्या महाराजाइनंच लावलं पायजे.” ते आले. आता काठी होती हातात. मांडवात उभे राहून त्यांनी दाखला मागितला. प्रणिताने हसत तिचं सरकारी ओळखपत्र पुढे केलं. “महाराज, आता मीच तुम्हाले धरनार हाय, अन् तुमी मले दाखला मागता?” महाराजांनी भिंग काढलं, कार्ड वाचलं आणि परत दिलं. “हे नोकरीचं हाय माय. जन्माचं आन.” तिने पर्समधून दाखला काढून दिला. तिला ठाऊकच होतं. मग त्यांनी मंगलाष्टकं म्हटली, डोळे मिटून, आठच. पण आवाज तो राहिला नव्हता. माइक तोंडाजवळ धरावा लागला. त्या तुळशीच्या लग्नापासून आवाज बसला तो पुरता उठलाच नाही, असं त्यांची बायको मला हळूच म्हणाली. पंगतीत मी प्रणिताच्या कानाला लागले, “त्या दिवशी पायावर पानी घालताना त्यायनं तुले काय विचारलं होतं वो?” ती म्हणाली, “माह्या कोपराले हळद राह्यली होती आत्या, ते त्यायले दिसली. म्हने, परीक्षा कवा हाय? मी म्हनलं, फेब्रुवारीत. ते म्हने, दे मंग. बस, एवढंच.”

एवढंच! आणि मी सहा वर्षं त्या माणसाला शिव्या देत होते. भर मांडवात नाही म्हणून पोथी गुंडाळून निघून गेले असते, तर दोनशे माणसांत पोरीचं हसं झालं असतं, माझ्या तोंडाला काळं लागलं असतं आणि गावात पोलीस आले असते. त्यातलं काहीच होऊ दिलं नाही. नुसता गळा फाटेपर्यंत गात राहिले, आणि वर माझ्या बुंदीची तारीफ करून गेले.

आता मी अमरावतीला मुलाकडे असते आणि महाराज अकोल्याला त्यांच्या मुलाकडे. यंदा संत्री निघाली तेव्हा पिशवीभर घेऊन त्यांना भेटायला गेले. खाटेवर बसले होते, खाली तेच दोन वीत-अडीच वीत आसन. दारामागे खुंटीला ती थैली अजून टांगलेली. मी म्हटलं, “आता कशाले ठेवली जी?” आवाज जवळजवळ नाहीच, कान लावून ऐकावं लागतं. म्हणाले, “राहू द्या. सुंठ ताजी हाय.” मी संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होते. प्रणिताच्या लग्नापासून ओठावर असलेली माफी मागितली. त्यांनी हाताने माशी हाकलल्यासारखं केलं. वातावरण फार गंभीर व्हायला लागलं की मला काहीतरी खोडी काढावीच लागते, म्हणून म्हटलं, “पन चूक तुमचीबी होती महाराज. मंगलाष्टकं म्हनताना तुमी डोये उघडे ठेवत असते, तं माह्या डोस्क्यात हे खूळ आलंच नसतं. लगन लावनारा मानूस डोये मिटून कावून उभा राह्यते?” त्यांनी हातातली फोड खाली ठेवली. मग मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “बाई, माह्या हातचं पयलं लगन लावलं तवा मी एकोनीस वर्साचा होतो, अन् नवरी असन बारा-तेराची. अंतरपाटामांगं उभ्या उभ्या झोपली होती ते, मामानं खांद्याले धरून ठेवली होती तिले. मी ‘सावधान’ म्हनलो, तशी दचकून जागी झाली, अन् तिनं माह्याकडंच पाह्यलं. तवापासून मी डोये मिटून म्हनतो.”